टीपी-लिंकचा आर्चर सी७ राउटर अपडेट करताना वीज गेली, आता सुरूच होत नाही. काय करू?

राउटर बहुधा मेलेला नाही. अपडेट अर्धवट राहिलं तरी बूटलोडर (राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) वेगळ्या जागी असतो, आणि तो शाबूत असेल तर टीएफटीपीने (केबलवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, परत भरता येतं.

लॅपटॉपला केबलवर १९२.१६८.०.६६ हा स्थिर आयपी द्या, सबनेट २५५.२५५.२५५.०. हाच पत्ता हवा, कारण बूटलोडर फक्त तिथेच फाइल मागतो. वायफाय आणि फायरवॉल बंद ठेवा. बहुतेकांची गाडी फायरवॉलपाशीच अडते, म्हणून ते आधी तपासा. मग लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर (फाइल देणारा प्रोग्राम) चालू करा, केबल राउटरच्या लॅन पोर्टला लावा, रिसेट दाबून ठेवूनच राउटर चालू करा आणि डब्ल्यूपीएसचा दिवा लागेपर्यंत सोडू नका. सर्व्हरच्या लॉगमध्ये राउटर कोणती फाइल मागतो ते दिसेल. फर्मवेअरला अक्षरन् अक्षर तेच नाव द्या. लॉग कोराच राहिला तर मध्ये एखादा साधा नेटवर्क स्विच जोडून पाहा. थेट केबलवर लॅपटॉपचा पोर्ट जागा व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मागणी निघून जाते.

एक कळकळीची सूचना: फर्मवेअर तुमच्या हार्डवेअर आवृत्तीचंच घ्या (खालच्या लेबलवर असते), आणि मूळ फाइलच्या नावात ‘बूट’ हा शब्द असेल तर ती तशीच भरू नका. तिच्यात बूटलोडरही असतो, तो आधी कापून काढावा लागतो.

फाइल गेल्यावर चार-पाच मिनिटं वीज अजिबात तोडू नका. इन्व्हर्टर असेल तर त्यावरच लावा.