शाळेच्या समितीत जायचं म्हणतोस तर

काय रे बाबा,

तुझा मेसेज वाचला. शाळा व्यवस्थापन समितीत उतरायचंय अन गावात लोक म्हणायलेत की हा जिंतूरकडचा, बायकोच्या गावाला येऊन झेरॉक्सचं दुकान टाकलेला, याला काय कळतंय आमच्या शाळेतलं. म्हणणारच की. आपल्याकडं माणूस वीस वर्षं राहिला तरी पाहुणाच, त्यात तू जावई, म्हणजे मान द्यायचा पण बोलू द्यायचं नाही.

पण ही काय ग्रामपंचायत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २१ काढून वाच, छोटंसंच आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, अन वंचित-दुर्बल घरातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. भावकी, सातबारा, मतदारयादी, कशाचा संबंध नाही. ज्याचं लेकरू पटावर तो आतला. तुझी पोरगी तिसरीत बसती ना, मग झालं. उलट ज्यांची पोरं पिवळ्या बसमधून तालुक्याच्या इंग्लिश मिडियमला जातात त्या पुढाऱ्यांना पालक म्हणून बसताच येत नाही, अन शाळेबद्दल पारावर सगळ्यात जास्त तेच बोलतात.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, मी मुख्याध्यापक म्हणून समितीचा सचिव होतो त्यामुळं आतून बघितलंय. यादी आदल्या रात्री कुणाच्या तरी ओसरीवर ठरलेली असती, पालकसभेला दहा-वीस टाळकी येतात त्यातली निम्मी चहासाठी, नावं वाचली की बिनविरोध बिनविरोध करून टाळ्या, हार, नारळ, अर्ध्या तासात मामला खलास. बायकांची नावं कागदावर, अन प्रोसिडिंगचं रजिस्टर सहीला त्यांच्या घरी फिरतं. तू सभेत उठून कितीही झकास भाषण ठोकलं तरी समोर तीच टाळकी असतील तर काय उपयोग? सभेला कोण येतंय, तिथंच तुझं सगळं आहे.

म्हणून पहिली गोष्ट तारीख. आपल्या बालाघाटच्या पट्ट्यात दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात, कोण पश्चिम महाराष्ट्रात कोण कर्नाटकात. सभा दिवाळीनंतर लावली की तुझे निम्मे पालक कारखान्यावर कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, बसलेले. समितीची मुदत दोन वर्षांची, ती कधी संपती ते आत्ताच विचारून ठेव अन सभा टोळ्या जायच्या आत घ्या असा साधा अर्ज दे, पोच घे. दुसरं, वेळ. दुपारी बाराला सभा म्हणजे खुरपायला गेलेल्या बाईनं रोज बुडवून यायचं, ती कशाला येईल? बाजाराच्या दिवशी ठेवा म्हणावं, त्या दिवशी बहुतेक बाया घरीच असतात.

अन या लोकांकडं जाताना कामाचं बोल. हंगामी वसतिगृह हा विषय धर. आईबाप तोडीला गेल्यावर पोरगं आजीपाशी गावातच राहतं, जेवण शाळेकडून मिळतं, अन ते चालवायची जबाबदारी समितीची. कुणाचं लेकरू थांबणार, कुणाची आजी थकलीय, हे वस्तीवर तांड्यावर घरोघर जाऊन वहीत लिहून आण. एवढं केलं की तुला कुणी जिंतूरचा म्हणायचं नाही, अन म्हणलं तरी तीच माणसं त्याला उत्तर देतील.

तुझं दुकान पण लहान समजू नको. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, जन्मतारीख तिसरीच, हे कागद तुझ्याच काचेवरून जातात. शिक्षकांची पदं ठरवताना ३० सप्टेंबरचा पट बघतात अन त्यात आधार जुळलेलीच पोरं धरतात, म्हणजे चार-पाच पोरांच्या नावात काना-वेलांटीचा घोळ राहिला तरी शाळेतलं शिक्षकाचं पद धोक्यात येऊ शकतं. हेडसरांना म्हण की न जुळलेल्यांची यादी द्या, पालकांना मी पळवतो. बघ, तेच तुला सभेत पुढं बसवतील.

पैशाचा विषय मात्र जपून. आल्या आल्या हिशोब दाखवा म्हणून ओरडलास तर हेडसर अन सरपंच एका दिवसात एक होतील. आधी समजून घे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान असतं, पट तीसच्या वर शंभरापर्यंत असला तर २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. त्यातच खडू, दुरुस्ती, लाइटबिल. वर्षाला किती येतं हे माहीत नसताना कुणी किती खाल्लं यावर चर्चा करणारे गावात ढिगानं आहेत, त्यात भर नको. अध्यक्षपदाच्या मागं पण लगेच लागू नको, खात्यावर त्याची सही लागती म्हणून सगळ्यांचा डोळा तिथंच असतो. नुसता सदस्य हो, अन दर महिन्याच्या मीटिंगला अजेंडा आधी मागून घे.

फ्लेक्स लावू नको हे सांगायला पाहिजे का? जावयाचा फोटो चौकात बघून तुझाच मेहुणा चिडल.

अजून एक, रागावू नको. तू उभा राहण्यापेक्षा तुझी बायको उभी राहिली तर? ती गावची लेक, माझ्याच शाळेत शिकलेली, पोरीची आई म्हणून पालक आहेच, अन निम्म्या जागा बायकांच्या. तिला बाहेरची म्हणायची कुणाची टाप आहे? फक्त मग मीटिंगला तीच गेली पाहिजे, तू मागच्या बाकावर बसून खुणा करायच्या नाहीत, असले अध्यक्षीणबाईंचे मिस्टर मी लई बघितलेत. आज रात्री तिलाच विचार, तिच्या मनात काय आहे ते.

अन नोटीस लागली की फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाक, त्यावर तारीख, वेळ अन हेडसरांची सही नीट दिसू दे.

तुझा,
सर