हात गार पडतोय. एफडी मोडायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६३ वर्षांचे, मधुमेही. डाव्या कोपरातल्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी धमनी शिरेला जोडून केलेली वाट) डायलिसिस चालतं. फिस्टुला रक्त आपल्याकडे खेचत असल्याने तो हात गार पडतो, मशीनवर असताना ठणकतो आणि आता तर्जनीचं टोक काळवंडलंय. एका सर्जनने फिस्टुला राखून बायपास सुचवलाय, खर्च सव्वादोन लाख. दुसऱ्याने फिस्टुला बांधून (म्हणजे बंद करून) मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, घालायला सांगितलंय, चाळीस हजारांत. वडिलांच्या नावावरची चार लाखांची एक वर्षाची एफडी तीन महिन्यांनी पिकेल, तोवर थांबावं का?

थांबू नका. नुसता गारवा असता तर थोडी सवड होती. टोक काळं पडणं म्हणजे तिथलं मांस मरू लागलंय, बोट जाऊ शकतं.

एफडी मोडायचीही गरज नाही. मोडलीत तर १ टक्का दंड धरून नऊ महिन्यांचे सुमारे ३,००० रुपये जातील, शिवाय व्याज नऊ महिन्यांच्या दराने बसेल. त्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून मिळणारं कर्ज) घ्या. व्याजदर एफडीपेक्षा २ टक्के जास्त असला, तरी २,२५,००० वर तीन महिन्यांचा जादा भार सुमारे १,१२५ रुपयेच. फक्त ती करबचतीची पाच वर्षांची एफडी नाही ना, हे बघा; तिच्यावर कर्ज मिळत नाही.

आता चाळीस हजारांचा हिशोब. फिस्टुला बांधला की हाताला रक्त परत मिळतं, पण डायलिसिसची वाट बंद होते. कॅथेटरमधून जंतुसंसर्ग होतो, दाखल व्हावं लागतं. नवा फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात, आणि मधुमेहात दुसऱ्या हातालाही हाच त्रास होऊ शकतो. हे सगळं त्या चाळीस हजारांत नाही. बायपासमध्ये पायाची शीर काढून फिस्टुलाच्या बऱ्याच वरून खालच्या धमनीला जोडतात आणि फिस्टुलाच्या लगेच खाली धमनी बांधतात. हात आणि फिस्टुला दोन्ही राहतात. हृदय फार कमजोर असेल, तर मात्र बांधणंच योग्य.

होकार देण्याआधी सर्जनना दोन गोष्टी विचारा: डॉप्लरवर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) फिस्टुलाचा प्रवाह किती, आणि वरची धमनी कुठे अरुंद आहे का? प्रवाह फार जास्त असेल तर फिस्टुला आवळण्याची छोटी शस्त्रक्रिया पुरते. धमनी अरुंद असेल तर कधीकधी फुग्याने धमनी रुंदावूनच (अँजिओप्लास्टी) काम भागतं. दोन्हींत अंदाजपत्रक बदलतं.

ओव्हरड्राफ्टचा अर्ज देतानाच महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या मदतनीसाला) भेटा. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचं संरक्षण आहे. ही शस्त्रक्रिया पॅकेजच्या यादीत बसते का, ते विचारा. मेडिक्लेम असेल तर खोलीभाड्याची मर्यादा वाचा. महागडी खोली घेतली की बाकीचं बरंचसं बिलही त्याच प्रमाणात कापलं जाऊ शकतं. जुन्या करप्रणालीत असाल तर किडनी निकामी झाल्याबद्दल आयकरात उपचारखर्चावर (१९६१च्या कायद्यात कलम ८०डीडीबी) ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट मिळते, विम्यातून आलेली रक्कम वगळून. त्यासाठी नेफ्रॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन आजच मागून ठेवा.