सगळं करून झालं, तरी पोट साफ होईना

प्रश्न : डॉक्टर, मी ३८ वर्षांची, दिवसभर खुर्चीत बसून काम. गेलं वर्षभर पोट काही नीट साफ होत नाहीये. सकाळी उठल्यापासून मुलांचं आवरा, माझं आवरा, की पळा, त्यात कुणीतरी कोमट पाणी सांगितलं ते चार दिवस प्यायले, मग इसबगोल आणला तर पोट फुगून टम्म झालं म्हणून तो सोडला, मग एकदा एरंडेल घेतलं, त्या दिवशी काय झालं विचारूच नका, आणि पुढचे तीन दिवस परत ठणठणाट. आता सोनामुखीची गोळी घेतल्याशिवाय होतच नाही असं वाटायला लागलंय. आठवड्यातून दोनदा होतं, तेही कुंथून कुंथून, खडे पडल्यासारखं. घरच्या घरी काही उपाय आहे का? आणि गोळीची आतड्यांना सवय लागते म्हणतात ते खरंय का?

उत्तर : ताई, आधी त्या एरंडेलानंतरच्या तीन दिवसांबद्दल बोलू, कारण बहुतेक सगळे तिथेच फसतात. जुलाबाने आतडं पूर्ण रिकामं झालं की ते परत भरायला दोन-तीन दिवस लागणारच ना, त्या दिवसांत होत नाही ती बद्धकोष्ठता नसते, आत काही नसतंच! पण आपल्याला वाटतं परत अडकलं, की घे दुसरा डोस. असं करत करत माणूस "गोळीशिवाय होत नाही" इथपर्यंत येतो.

सवयीचं म्हणाल तर थोडे दिवस, सांगितलेल्या प्रमाणात सोनामुखी घेतल्याने आतडी कायमची लुळी पडतात याला ठोस पुरावा नाही, तेव्हा घाबरू नका. पण महिनोन्महिने आपल्याच मनाने घेत राहू नका, पोटात मुरडा येतो, जास्त झालं तर जुलाबातून पाणी आणि पोटॅशियम जातं. एरंडेल तर मी कुणालाच सुचवत नाही, गरोदर बाईने तर अजिबात नाही.

आता तुमचं ते "मुलांचं आवरा, माझं आवरा". हे तुम्ही जाता जाता लिहिलंय पण मला वाटतं अर्धं उत्तर त्यातच आहे. झोपेतून उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल सगळ्यात जोरात असते, पोट भरलं की खालच्या आतड्याला जणू निरोप जातो की जागा करा. नाश्त्यानंतर अर्ध्या तासात तो निरोप येतो आणि नेमकं तेव्हा तुम्ही डबे भरत असता, मग ती भावना विरून जाते, मल तिथेच थांबतो, मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषायचं, त्यामुळे जितका थांबेल तितका वाळतो. म्हणून तुमचे खडे. वीस मिनिटं लवकर उठा, काहीतरी खा, कॉफी चालत असेल तर ती प्या (कॉफीने बऱ्याच जणांच्या आतड्याला खरंच चालना मिळते), आणि भावना असो नसो रोज त्याच वेळी पाच-दहा मिनिटं जाऊन बसा. मोबाईल बाहेर. अर्धा अर्धा तास बसून कुंथण्याने मूळव्याधीला आमंत्रण, दुसरं काही नाही.

कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. कारण असं की गुदमार्गाभोवती एक स्नायू फास टाकल्यासारखा असतो, तो आतड्याला पुढे ओढून तिथे कोन करतो म्हणून एरवी आपल्याला धरून ठेवता येतं. साधं बसल्यावर तो कोन पूर्ण उघडत नाही, उकिडवं बसलं की जास्त सरळ होतो. फुकटचा उपाय आहे, पण लोकांना पावडर आवडते.

पावडरचंच सांगते. इसबगोल वाईट नाही हो, तुम्ही बहुतेक पहिल्याच दिवशी दोन चमचे भरून घेतला असणार. एकदा चमचाभर इसबगोल अर्ध्या ग्लास पाण्यात टाकून दहा मिनिटं ठेवून बघा, सगळं पाणी पिऊन त्याचा लगदा होतो. पोटातही हेच होतं, पाणी मिळालं तर मल मऊ आणि फुगीर, नाही मिळालं तर नुसता गोळा. म्हणून चहाच्या अर्ध्या चमच्याने सुरू करा, मोठा ग्लास भरून पाण्यात ढवळायचं आणि लगेच प्यायचं, कोरडा तोंडात टाकायचा नाही, घशात अडकू शकतो. आठवड्याने एक चमचा करा. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, कधी जास्तही. बाकीच्या औषधांपासून दोन तास लांब ठेवा. ज्यांना गिळायला त्रास आहे किंवा आतडं कुठे अरुंद झालंय असं सांगितलंय त्यांनी घ्यायचा नाही.

फळांपैकी प्रून्स (सुकवलेले आलुबुखार) आणि किवी यांच्यावर खरोखर प्रयोग झालेत. प्रून्समध्ये सॉर्बिटॉल नावाचं साखरेसारखं द्रव्य असतं, ते आतड्यात पाणी धरून ठेवतं. दिवसातून दोनदा ५० ग्रॅम दिल्यावर इसबगोलपेक्षाही चांगला गुण आला होता. तुम्ही चार-पाचपासून सुरू करा, नाहीतर परत फुगाल. किवी रोज दोन. एकूण फायबर दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत न्यायचं, सालासकट फळं, कडधान्यं, भाज्या, पण हळूहळू. आणि पाणी, तुम्ही आधीच पुरेसं पीत असाल तर नुसतं पाणी वाढवून फार फरक पडत नाही, फायबरबरोबर मात्र ते हवंच.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे द्या. चार दिवसांत उपाय बदलत बसलात तर कशाने काय झालं हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. रोज झालंच पाहिजे असंही नाही बरं का, दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं नॉर्मलमध्ये येतं. दीड-दोन महिने नीट करूनही कुंथावंच लागत असेल तर थायरॉईड तपासून घ्या, आणि कधी कधी कुंथताना खालचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळले जातात, त्याला फायबरचा उपयोग नाही, वेगळा व्यायाम शिकवावा लागतो.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. दोन महिन्यांपासून पोट साफ होत नाही, आधी कधीच त्रास नव्हता. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची गोळी चालू आहे, गुडघ्यासाठी कोडीन असलेली वेदनाशामक गोळी. फायबर वाढवू का?

उत्तर : थांबा, आधी फायबर नको. लोह आणि कोडीन दोन्हींनी कोठा जड होतो, आणि कोडीनने आतड्याची चालच मंदावते, त्यात वरून फायबर भरलं तर आणखी दाटतं. गोळ्या परस्पर बंद करू नका, ज्यांनी दिल्यात त्यांना हे सांगा, पर्याय असतात. पण मला खरी काळजी दुसरीच वाटते. या वयात नव्याने बदललेली सवय आणि कमी झालेलं हिमोग्लोबिन, हिमोग्लोबिन का कमी झालं हे कुणी शोधलंय का? आतड्यातून थोडं थोडं रक्त जात असेल तर डोळ्याला दिसतही नाही. या आठवड्यातच दाखवा. शौचातून रक्त, वजन उतरणं, असं काही असेल तर तेही सांगा. पोट फुगून उलट्या आणि गॅसही सरत नसेल तर मात्र तपासणीची वाट बघायची नाही, सरळ दवाखान्यात.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा, शी आली की पडद्यामागे जाऊन पाय आवळून उभा राहतो, आणि चड्डीला सारखं पातळ लागलेलं असतं. रागावून बघितलं. जुलाबाचं औषध देऊ का?

उत्तर : रागावू नका हो त्याला. एकदा कधीतरी दुखलं असणार, तेव्हापासून तो धरून ठेवतोय, आणि धरल्याने अजून कडक होतं. चड्डीला लागतं ते जुलाब नाहीत, आत साठलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मल झिरपतो आणि ते त्याला कळतही नाही. म्हणजे जुलाब थांबवायचं औषध दिलंत तर उलटंच होईल, आणि पोट साफ करायचंही घरातलं काही नको. बालरोगतज्ज्ञ मल मऊ करणारं औषध देतात, ते बरेचदा काही महिने चालतं, बरं वाटलं म्हणून आठवड्यात बंद करू नका. घरी एवढंच, जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, पाय लोंबकळत नकोत, खाली पाट द्या, आणि झालं नाही तरी "बसलास ना, छान" म्हणून उठवा.