पाइप खाली ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मायटर सॉच्या (लाकूड कोनात कापायच्या मशीनच्या) ब्लेडचा बोल्ट हलत नाही, आता एलन कीला, म्हणजे षटकोनी चावीला, पाइप अडकवून जोर लावतो, असं लिहिलंयस. पाइप खाली ठेव. बोल्ट बहुतेक जाम झालेला नाहीच, तूच तो आणखी आवळतोयस. या बोल्टला सहसा उलटे आटे असतात. घरातल्या टेबल फॅनची पुढची टोपी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवली की सुटते ना, तसंच. मोटर झटक्यात सुरू होते तेव्हा बोल्ट जागच्या जागी राहू पाहतो. आटे सरळ असते तर दर वेळी तो थोडा थोडा ढिला झाला असता. मात्र ब्लेड मोटरच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर आट्यांची दिशा ठरते, म्हणून ‘उजवीकडे फिरवायचा’ असं पाठ करून ठेवू नकोस. वरच्या गार्डवर, म्हणजे ब्लेडच्या झाकणावर, बाण असतो. ब्लेड ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने बोल्ट फिरव, सुटेल.

पण मला जास्त खटकली ती पुढची ओळ: ‘लाईट गेली होती, म्हटलं तेवढ्यात ब्लेड बदलून घेऊ.’ अरे, लाईट यायची वेळ काय तुझ्या हातात आहे? जुन्या मशीनचं बटण चालूवरच अडकलेलं असलं, किंवा ब्लेड धरताना तुझाच हात ट्रिगरवर पडला, आणि नेमकी त्याच क्षणी लाईट आली तर? बोर्डावरचं बटण बंद केलंय यावरही विसंबू नकोस. एका बोर्डावर चार मशीन असतात आणि कोणीही येऊन बटणं खालीवर करतो. प्लग उपसून काढ आणि वायरीचं टोक मशीनच्या टेबलावर, डोळ्यांसमोर ठेव. बॅटरीवरचं मशीन असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेव. आणि अंधारात हे काम नकोच.

बाकी काम सोपं आहे. हेड (मोटर आणि ब्लेडचा वरखाली होणारा भाग) वर घे, खालचा गार्ड मागे सरकव, बोल्ट झाकणाऱ्या पत्र्याचा स्क्रू ढिला कर. स्पिंडल लॉकचं, म्हणजे ब्लेडचा दांडा अडकवणारं, बटण दाबून धर आणि ब्लेड हाताने सावकाश फिरव, एका जागी टक करून अडकेल. (चालू ब्लेड थांबवायला हे बटण कधीही दाबायचं नाही.) जाड हातमोजे घाल. एलन की अशी धर, की बोल्ट एकदम सुटला तर मूठ दातांपासून लांब जाईल. बंद मशीनवर हात फाटतात ते बहुतेक याच झटक्यात.

बोल्ट, बाहेरची फ्लँज (ब्लेडला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्यांपैकी एक), ब्लेड, सगळं ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने फळीवर मांड. मग आतल्या फ्लँजचं तोंड नखाने खरवडून बघ. तिथे भुसा आणि राळ मिळून तपकिरी पापुद्रा बसलेला असतो. फ्लँज जेमतेम दोन इंचांची, ब्लेड दहा इंचांचं. फ्लँजच्या कडेला कागदाएवढा कण राहिला तर ब्लेडच्या कडेला त्याची लचक पाचपट होते. काप रुंद येतो, प्लायच्या कडेचे कपचे उडतात आणि लोक नव्या ब्लेडला शिव्या घालतात. फडक्याला थोडं रॉकेल लाव, दोन्ही फ्लँज पुसून कोरड्या कर.

नवं ब्लेड बसवण्याआधी त्यावरचे आकडे वाच. मधलं भोक 30 मिमी आहे की 25.4? मशीनच्या दांड्यापेक्षा भोक मोठं असेल तर त्या मापाची रिंग घाल, तार किंवा पत्रा गुंडाळून भागवू नकोस. ब्लेडवर लिहिलेला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा. 255 मिमीचं ब्लेड 4800 आरपीएमने फिरलं तर त्याचा दात ताशी सुमारे 230 किलोमीटरने पळतो. तिथे चालढकल नको. लाकूड-प्लायला 60 ते 80 दातांचं घे, ॲल्युमिनियमला वेगळं. टेबल सॉचं पुढे झुकलेल्या दातांचं ब्लेड इथे लावलं तर ते लाकडात स्वतःच घुसू बघतं. दात कार्बाइडचे, कडक पण ठिसूळ, त्यामुळे ब्लेड लोखंडी टेबलावर टेकवू नकोस.

बसवताना ब्लेडवरचा बाण आणि गार्डवरचा बाण जुळव. तुझ्या बाजूचे दात खाली बघत असले पाहिजेत. बोल्ट एलन कीने, पण नुसत्या हाताच्या जोरानेच आवळ, पत्रा पुन्हा लाव. तुमच्याकडे गार्ड तारेने वर बांधून ठेवलाय असं तू मागे म्हणाला होतास. ती तार कापून टाक. मालक कुरकुरला तर माझं नाव सांग. गार्ड सोडल्यावर आपोआप खाली आलाच पाहिजे. लॉक सुटलाय ना बघ, हेड खाली घेऊन ब्लेड हाताने एक फेरा फिरव, कुठे घासतंय का ते कळेल. मग हातमोजे काढ, प्लग लाव आणि बाजूला उभा राहून अर्धा मिनिट मशीन रिकामं चालव. थरथर जाणवली तर बंद कर आणि पुन्हा फ्लँजपासून बघ. शेवटी एक तुकडा कापून गुण्या लाव.

जुनं ब्लेड भंगारात देऊ नकोस एवढ्यात. दातांवर काळी राळ चढली की धार गेल्यासारखं वाटतं. कोमट पाण्यात कपड्यांचा साबण घालून त्यात बुडवून ठेव, जुन्या टूथब्रशने घास आणि लगेच पूस. एखादा दात उडालेला दिसला तर मात्र वापरू नकोस. नुसती धार गेली असेल तर डायमंड व्हीलवर लावून देणाऱ्याकडेच दे. आणि मुंबईत नागदेवीच्या हत्यारबाजारात नवं घ्यायला जाशील तेव्हा नुसतं ‘दहा इंची द्या’ म्हणू नकोस, हे जुनं पुठ्ठ्यात बांधून सोबत ने.

तुझा
काका