जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क टकटक वाजते. घरीच बदलू की राजारामपुरीत दुकानात नेऊ?

घरी बदलता येते, भावा. पण आधी फोटो आणि कागदपत्रं आजच्या आज दुसरीकडे काढून घे. टकटक म्हणजे डिस्क कधीही बसेल. फाइली उघडतच नसतील तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करून बघू नकोस, सरळ डेटा काढून देणाऱ्याकडे ने.

नवीन घेताना साटा एसएसडीच घे, म्हणजे साटा वायरीने जोडायची, आत काही न फिरणारी वेगवान डिस्क; जुन्या मशीनलाही लगेच फरक जाणवतो. ती २.५ इंची असते आणि आतली जागा ३.५ इंचीची, म्हणून सोबत ती बसवायचं ब्रॅकेट माग.

उघडताना नुसतं बटण बंद करू नकोस, प्लगच काढ. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव, मग आत घाल. डिस्कला दोन वायरी असतात: रुंद पॉवरची, अरुंद डेटाची. दोन्हींची खाच एल आकाराची, एकाच बाजूने बसते. जोर केलास तर प्लास्टिक तुटतं.

आजारी डिस्कचं क्लोनिंग, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, नको; पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाक. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, नवी डिस्क दिसली नाही तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा वायरच सैल असते.