कोणत्या हाताचं बी.पी.?

प्रश्न : माझी धाकटी बहीण २७ वर्षांची. डाव्या हाताची नाडी लागेना म्हणून तपासण्या केल्या, तर टाकायासू आर्टेरायटिस (मोठ्या धमन्यांना सूज येऊन त्या अरुंद होण्याचा आजार) निघाला. मोबाइलवर ‘१५ वर्षे’ असं काहीतरी वाचल्यापासून आई धड जेवत नाही. बी.पी. मात्र ९०च येतं. डॉक्टर, ती किती जगेल?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी आईंना जेवायला बसवा. १५ वर्षं ही आयुष्याची मुदत नव्हे. जपानमध्ये १२० रुग्णांचा अभ्यास झाला, तो १९९४ साली छापून आला. त्यात रोगनिदानानंतर १५ वर्षांनी शंभरातले ८३ जण हयात होते. महाधमनीची झडप फार गळणं, रक्तवाहिनीला मोठा फुगा येणं, रक्तदाब फार चढणं, डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होणं, यातलं मोठं काही नसलेल्यांत हा आकडा ९६ होता, असलेल्यांत ६६. शिवाय आजची काही औषधं तेव्हा नव्हती.

मला काळजी वाटते ती तुमच्या त्या ९०ची. कोणत्या हाताचं? डावा असेल तर तो आकडा खोटा. धमनी वरच अरुंद झाली की खाली पट्ट्याला दाब कमीच लागतो. साताऱ्यात दवाखाना नवा असताना मी एका शिक्षिकेला असंच ‘लो बी.पी.’ म्हणून मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं होतं. डोकेदुखी थांबेना म्हणून महिन्याने पुन्हा आल्या. त्या दिवशी उजव्या हाताला पट्टा बांधला, १९०! पोटावर स्टेथोस्कोप टेकवला तर सूं-सूं आवाज; मूत्रपिंडाची धमनी आवळलेली. आपल्याकडच्या रुग्णांत हे बरंच आढळतं आणि बी.पी. त्यानेच चढतं. तेव्हा दोन्ही हात, दोन्ही मांड्या एकदा मोजून घ्या. फाइलवर लाल शाईने लिहा : ‘डाव्या हाताला बी.पी. बघू नये.’

सूज उतरवायला देतात त्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा भरतो, मग मुली गुपचूप गोळ्या सोडतात. तसं एकदम सोडणं जिवावर बेततं. गोळी कमी करायची ती डॉक्टरांनीच, हळूहळू. ई.एस.आर. (सूज कळण्यासाठीची रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून आजार निवला, असंही समजू नका. अधूनमधून धमन्यांचा स्कॅन लागतोच. मेथोट्रेक्सेट हे या आजारातलं दुसरं औषध चालू असेल तर मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांना विचारून ते बंद करावं लागतं, हे लग्न ठरवताना लक्षात असू द्या.

उजव्या हाताचा आकडा मला कळवा. १८०च्या वर आला, तर मात्र पत्र लिहीत बसू नका, थेट दवाखाना गाठा.