नारोकला निघण्याआधी

प्रिय मुली,

तुझा मेल मिळाला. वर्षभरासाठी केनियात, नारोकला निघालीस हे वाचून आनंद झाला. सोबतचा आराखडा वाचून मात्र थोडी धास्ती वाटली. ‘मुलींमध्ये नेतृत्वगुण रुजवणे’, तीन दिवसांचं शिबिर, प्रमाणपत्रं, समारोपाला गटगीत. अगं, तुला मराठी शिकवलंय, त्या हक्काने सांगते, ते ‘रुजवणे’ आधी खोड.

तुमच्या शाळेत लागण्याआधी आठ वर्षं मी तिथे होते, ह्यांच्या नोकरीमुळे. थिका नावाच्या गावाजवळ राहायचो. पहिल्याच वर्षी माझी चांगली फजिती झाली. आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या बाईंच्या मुलीला आठवीच्या परीक्षेत उत्तम गुण मिळाले, एका चांगल्या निवासी शाळेचं बोलावणं आलं. (ती आठवीची मोठी परीक्षा आता नाही, 2023 साली शेवटची झाली. सगळी रचनाच बदलली आहे, ती तिथे गेल्यावर समजून घे.) पहिल्या सत्राची फी मी परस्पर शाळेच्या खात्यात भरली आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले. हजर व्हायच्या दिवशी मुलगी गेलीच नाही.

दोन आठवड्यांनी कारण कळलं. बोलावण्याच्या पत्राला एक यादी जोडलेली असते. पत्र्याची पेटी, गादी, दोन ब्लँकेटं, बादली, काळे बूट, गणवेश, शिवाय शाळेच्या आवारातलं गवत कापायला लांब दांड्याचं पातं. ही सगळी खरेदी फीच्या जवळपास जाते. आई मला सांगणार तरी कशी? एवढं दिलंय, आणखी कुठल्या तोंडाने मागायचं? आणि मी काही विचारलं नव्हतं.

तोडगा काढला एकोणीस वर्षांच्या एका मुलीने. तिची स्वतःची शाळा मध्येच सुटली होती. तिथे फी थकली की मुलांना ‘फी आणा’ म्हणून घरी पाठवतात. तिला तसं पाठवलं आणि ते पैसे काही जमले नाहीत. पण गावातल्या चामाचा हिशेब तिच्याकडे असायचा. चामा म्हणजे आपली भिशीच समज, फक्त जास्त कडक: उशिरा आलं की दंड, आणि दंड लाल शाईने. त्या दिवशी ती शंभरपानी वही मांडीवर घेऊन बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पेटी आपल्याकडे आहे. कुणाच्या तरी घरातून ती आली. झाकणावर पांढऱ्या रंगात तीन नावं होती, वरची दोन खरवडलेली. तिसरं हिचं स्वतःचं. तेही तिने तिथेच, चमच्याच्या टोकाने, खरवडायला घेतलं. गादी एकीने दिली, ब्लँकेटं दुसरीने. ज्या बाईचा त्या आठवड्याचा नंबर होता, तिने तो पुढे ढकलला आणि भिशीची रक्कम बुटांना, गणवेशाला गेली. दुसऱ्या दिवशी पेटी मटाटूच्या, म्हणजे तिथल्या वडाप गाडीच्या, टपावर चढली. या सगळ्यात माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

दोन वर्षांनी त्याच चामाने तिला बाहेरून परीक्षेला बसवलं. फीचा ठराव होताना तिला मात्र अंगणात उभं केलं होतं. हिशेबवालीच्या समोर तिच्याच पैशांचं कसं बोलायचं! आता मला सांग, हिच्यासाठी तुझ्या शिबिरात कुठला तास ठेवायचा?

केनियातल्या पर्यावरण-कार्यकर्त्या वांगारी माथाईंचं नाव तुला माहीत आहेच. त्यांना नोबेल मिळालं तेव्हा, 2004 साली, मी तिथेच होते. त्यांचंही शिक्षण सुरू झालं ते थोरल्या भावाने आईला सहज विचारलं म्हणून: वांगारी का नाही जात शाळेत? पुढे त्या अमेरिकेत शिकल्या, 1971 मध्ये नैरोबीत पीएचडी झाल्या. पण मला त्यांचं वेगळंच काही आवडतं. त्यांची झाडं लावायची ग्रीन बेल्ट चळवळ 1977 सालची. त्याआधी त्यांनी खेड्यातल्या बायकांचं गाऱ्हाणं ऐकलं होतं: सरपण नाही, पाणी दूर, पोरांना धड खायला नाही. त्यातून झाडं आली. रोपं कशी वाढवायची हे बायका एकमेकींकडून शिकल्या, आणि जगलेल्या रोपामागे त्यांना थोडे पैसे मिळत. लावलेल्या नव्हे, जगलेल्या. तुझ्या अहवालात ‘लाभार्थी संख्या’ असा रकाना आहे ना, तो भरताना हे आठव.

आणि तू जातेस त्याच नारोक काउंटीतल्या एनूसाएन गावची काकेन्या न्ताइया. पाचव्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं. तिथल्या मसाई जमातीच्या रीतीने मुलीची खतना (जननेंद्रियाचा भाग कापणं) झाली की शाळा संपते, संसार सुरू होतो. तिने वडिलांशी सौदा केला: शाळा पूर्ण करू देणार असाल तरच मी त्याला तयार. ते भोगलं आणि वर्गात परतली. पुढे अमेरिकेच्या प्रवासाला गावाने पैसे गोळा करून दिले, आणि 2009 साली तिने गावात मुलींची शाळा सुरू केली. पीएचडी त्यानंतर हातात आली, तीही माथाई जिथे शिकल्या त्या पिट्सबर्गमध्येच. त्या सौद्यावर भाषण देण्याचा अधिकार मला नाही. तुलाही नाही.

खतनेवर 2011 पासून कायद्याने बंदी आहे. तरी ती होते, आणि बहुतेक मोठ्या सुट्टीत होते. तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, नोव्हेंबर-डिसेंबर सुट्टी. मुलगी शाळेत नसते, जखम भरायला वेळ मिळतो, कुणी हजेरी घेत नाही. तुझ्या आराखड्यात नेमकी डिसेंबरमध्ये ‘घरी भेट’ लिहिली आहे. नेमकं तेव्हाच तू तिथे हवीस; ती भेट एप्रिलमध्ये टाक. आई रागावेल, तिच्याशी मी बोलते.

बाकी किरकोळ. स्वाहिली रोज थोडी शीक. तुला सगळे ‘मुहिंदी’ म्हणतील, म्हणजे भारतीय; ‘महिंदी’ म्हणजे मका. मी पहिले सहा महिने बाजारात स्वतःची ओळख मका म्हणून करून देत होते. बाळंत होऊन शाळेत परतलेल्या मुलीचा फोटो काढू नकोस, तिने हसत होकार दिला तरी. पहिला महिना कुठल्याही बैठकीत मागे बस, वही कुणाच्या मांडीवर आहे ते बघ, आणि बैठक संपल्यावर तिला चहाला थांबवून घे.

सोबत इथून दोन-चार चांगली पितळी कुलपं ने. मी पाहिलेल्या त्या यादीत पेटी होती, कुलूप नव्हतं.

तुझ्या
बाई